शाईचं काडतूस

प्रिंटरमध्ये बसवतात त्या डबीला कुणी 'काडतूस' म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. भायखळा स्टेशनातून पश्चिमेला उतरून जे. जे. हॉस्पिटलच्या दिशेनं चालत गेलात तर झेरॉक्सची जी दुकानं लागतात, तिथे तिला 'कार्ट्रिज' म्हणतात, फार तर 'काट्रेज'. पण शब्द एकच आहे. तो पोर्तुगीजांकडून मराठीत आला तेव्हा काडतूस झाला आणि बंदुकीपाशी राहिला. पुढे इंग्रजीतून दुसऱ्यांदा आला तो शाई घेऊन.

दोघांचं काम फार वेगळं नाही. माप मोजून भरायचं, बाहेरच्या हवेपासून बंद ठेवायचं आणि वेळ आली की उघडायचं. १८५७ साली एनफिल्ड रायफलीच्या कागदी काडतुसाला चरबी लावत, ती आत ओल शिरू नये आणि गोळी नळीतून सहज सरकावी म्हणून. ते काडतूस दातानं तोडावं लागे. चरबी गाईची आणि डुकराची आहे ही बातमी छावण्यांमध्ये पसरली आणि पुढचं आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे. उठावाला कारणं पुष्कळ होती, ठिणगी मात्र एका सीलवर पडली. त्याच १८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर 'एज्युकेशन सोसायटीज प्रेस, भायखळा' असं दिसतं. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. मला तो आवडतो, एवढंच.

इथे मला कार्ट्रिजची समीक्षा करायची आहे, एखाद्या पुस्तकाची करतात तशी. मराठी लिखाणात शाई कमी सांडलेली नाही, पण ती बहुतेक वेळा प्रतीक म्हणून येते. शाई हा गळणारा, वाळणारा, बोटांना लागणारा द्रव आहे आणि त्याला डबीत कोंडायला कुणीतरी अनेक वर्षं डोकं चालवलंय, याची दखल घेणारं वाक्य सहसा सापडत नाही. माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे माझी नजर आधी तिकडे जाते.

कार्ट्रिजचं अवघड काम शाई पुरवण्याचं नाहीच. ते आहे शाई न पुरवण्याचं. नोझलची छिद्रं खाली तोंड करून उघडी असतात आणि त्यांच्या वर शाई उभी असते. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबानं ती सगळी कागदावर यायला हवी. ती का येत नाही?

ऑफिसातल्या कूलरवर वीस लिटरचा जार उलटा ठेवलेला असतो, तो आठवा. नळ दाबला की पाणी येतं आणि थोड्या वेळानं जारमध्ये 'गुडुप' करून एक बुडबुडा वर जातो. हवा आत गेल्याशिवाय पाणी खाली येत नाही, कारण वरच्या रिकाम्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो. कोंबड्यांना पाणी पाजायच्या उलट्या भांड्यात हेच होतं. फाउंटन पेनच्या जिभेलाही हीच युक्ती लागते. शाई खाली उतरायची तर तेवढी हवा वर जायला वाट हवी, आणि ती वाट खूप मोठी असून चालत नाही.

कार्ट्रिजमध्ये हा उणा दाब सतत राखावा लागतो. तो किती, तर साधारण काही सेंटिमीटर ते दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका. त्याहून कमी झाला तर शाई ठिबकते. फार वाढला तर नोझल उलट हवा ओढते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. छिद्राची स्वतःची पकड खरं तर दांडगी असते. वीस मायक्रॉन व्यासाच्या छिद्रात शाईचा पृष्ठताण सत्तरेक सेंटिमीटर पाण्याचा दाब पेलू शकतो. कॉलेजात शिकवतात त्याच सूत्रात आकडे घालून मी हे काढून पाहिलं. पण प्रिंटरला धक्का बसला, छिद्राच्या कडेनं शाई पसरली की ती पकड सुटते. म्हणून आतून कुणीतरी सतत हलकं मागे ओढत राहणं भाग असतं.

हे ओढणं कोण करतं, यावर प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं आहे, आणि या उत्तरांमध्ये मला लेखकांच्या शैली दिसतात. एचपीनं १९८४च्या थिंकजेटमध्ये रबराची पिशवी वापरली. पुढे स्पंज आला, काही ठिकाणी स्प्रिंग लावलेली पिशवी आली. स्पंज सगळ्यात सोपा. त्याच्या बारीक भोकांत केशाकर्षणानं शाई धरलेली राहते आणि गरजेपुरतीच सुटते. पण स्पंज कंजूष आहे, शेवटची शाई तो सोडत नाही. एप्सननं काही कार्ट्रिजमध्ये पातळ पडद्याची झडप बसवली. खालून शाई ओढली गेली की पडदा वाकतो, तेवढ्यापुरती वाट उघडते आणि पुन्हा मिटते. कॅननचं उत्तर माझ्या सगळ्यात आवडीचं. डबीचे दोन भाग, एकात स्पंज, दुसऱ्यात मोकळी शाई, आणि मधल्या भिंतीला अगदी तळाशी फट. स्पंजमधली शाई खाली उतरली की त्या फटीतून एक बुडबुडा पलीकडे जातो आणि बदल्यात तेवढी शाई इकडे येते. म्हणजे कोंबड्यांचं भांडंच, फक्त काडेपेटीएवढं.

आता सील. नव्या कार्ट्रिजवर एक पिवळी किंवा नारिंगी पट्टी असते, 'बसवण्याआधी काढा' अशी. बहुतेकांना वाटतं ती शाई सांडू नये म्हणून आहे. पुष्कळदा तिच्याखाली हवेचं भोक असतं. पट्टी न काढता कार्ट्रिज बसवलंत तर काही पानं छापून होतात आणि मग शाई येईनाशी होते. आत हवा जात नाही, तर बाहेर शाई कशी येणार? आणि हे भोक थेट आत उघडत नाही. लेबल सोलून पाहा, प्लास्टिकवर केसासारखी बारीक, वळणावळणाची खाच दिसेल. हवेला आत येऊ द्यायचं पण शाईतलं पाणी वाफ होऊन जाऊ द्यायचं नाही, तर वाट अरुंद आणि लांब हवी. वाट जितकी लांब तितकी वाफ सावकाश. एवढ्याशा झाकणावर लांबी कुठून आणणार, म्हणून नागमोडी. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी ते झाकण दोन दिवस टेबलावर ठेवून बघत होतो.

शाई बाहेर पडायच्या तोंडाशी पातळ फिल्म, तिच्या आत रबरी कडं, काहींमध्ये त्याच्याही आत स्प्रिंगनं दाबून धरलेलं बूच. प्रिंटरमधली पोकळ सुई फिल्म फोडते, कड्यातून घट्ट आत जाते, बूच मागे ढकलते. सुई निघाली की बूच परत जागेवर. इन्सुलिनच्या कुपीचं रबरी बूच पाहिलेल्या कुणालाही हे कळेल. जे. जे.च्या आसपास ते न पाहिलेला माणूस कमीच.

इथपर्यंतची कार्ट्रिज मला उत्तम कलाकृती वाटते. तिच्यातलं एकही वळण उगाच नाही. भांडण पुढे आहे. ज्या सीलचं काम शाई आत ठेवणं, त्याच सीलच्या आडोशाला दुसरं एक सील येऊन बसलं, आणि त्याचं काम तुम्हाला बाहेर ठेवणं.

जपानमधला एक खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. 'रिसायकल असिस्ट' नावाची कंपनी कॅननची वापरून झालेली कार्ट्रिजं आयात करायची. ती वरून भोक पाडून आतून धुतलेली, पुन्हा शाई भरून बंद केलेली असत. कॅननचं पेटंट होतं स्पंजवर. नेमकं सांगायचं तर एकमेकांवर दाबून बसवलेल्या दोन तुकड्यांच्या सीमेवर. त्या सीमेवर केशाकर्षण जास्त असतं, आणि शाई त्या सीमेच्या वरपर्यंत भरलेली असली की डबी कशीही आडवीतिडवी झाली तरी हवा पलीकडे घुसत नाही, गळती होत नाही. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयात रिसायकल असिस्ट जिंकली. २००६ मध्ये वरच्या न्यायालयानं निकाल फिरवला आणि ८ नोव्हेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कॅननच्या बाजूनं शिक्कामोर्तब केलं. हे भरणं नुसती दुरुस्ती नाही, पेटंट असलेल्या वस्तूची नव्यानं निर्मिती आहे, असं ठरलं.

भौतिकशास्त्र म्हणून निकालात खोट काढणं कठीण आहे. कार्ट्रिज संपून पडून राहिली की सीमेवरची शाई वाळते आणि हवा अडवायचं काम तिथे होईनासं होतं. धुतल्यावर आणि भरल्यावर ते पुन्हा होऊ लागतं. हे खरंच आहे. मला खटकतं ते पेटंटच्या मसुद्यातलं. शाई कुठवर भरलेली आहे, हेच शोधाचा भाग म्हणून लिहून ठेवलं, तर कार्ट्रिज वापरणं म्हणजे शोध संपवणं आणि भरणं म्हणजे शोध पुन्हा करणं होऊन बसतं. उद्या कुणी माठाचं पेटंट 'गळ्यापर्यंत पाणी असलेला माठ' असं घेतलं तर रोज सकाळी पाणी भरणारी प्रत्येक बाई नवा माठ घडवते म्हणायचं का? मसुदा लिहिणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यायलाच हवी. निकालात आणखी एक मुद्दा असा, की मूळ कार्ट्रिजला शाई भरायला तोंडच नाही आणि भोक पाडल्यानं तिच्यात बदल होतो. पण तोंड न ठेवणं हा निर्णय कुणाचा होता?

अमेरिकेत अखेर वारं उलट वाहिलं. ३० मे २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क' खटल्यात सांगितलं की वस्तू एकदा विकली की विकणाऱ्याचे तिच्यावरचे पेटंटचे हक्क संपतात, विकताना कितीही अटी घाला. ते प्रकरण शाईचं नव्हतं, लेझर प्रिंटरच्या टोनरचं होतं. डबी बदलली तरी भांडण तेच.

लेक्समार्कचं त्याआधीचं एक प्रकरण मात्र साहित्याच्या वाचकांनी मुद्दाम पाहावं. कंपनीनं टोनर कार्ट्रिजच्या चिपवर एक इवलासा प्रोग्राम ठेवला होता. 'स्टॅटिक कंट्रोल' या कंपनीनं त्याची नक्कल असलेली चिप बाजारात आणली, तर लेक्समार्क कॉपीराइटचा दावा घेऊन कोर्टात गेली. कॉपीराइट, म्हणजे कादंबरीला आणि कवितेला मिळतो तोच हक्क. प्रोग्रामची एक आवृत्ती ३७ बाइट्सची होती, दुसरी ५५ बाइट्सची. २००३ मध्ये खालच्या कोर्टानं स्टॅटिक कंट्रोलला मनाई केली. २००४ मध्ये अपील कोर्टानं ती उठवली आणि जाता जाता लिहिलं की या खटल्याचं नुसतं नावही या प्रोग्रामपेक्षा जास्त जागा घेईल. मी आपल्या बाजूनं मोजून पाहिलं. या लेखाचं शीर्षक देवनागरीत, यूटीएफ-८ मध्ये साठवलं तर ३४ बाइट्स होतात. लेक्समार्कची छोटी साहित्यकृती माझ्या शीर्षकापेक्षा तीन बाइट्सनी मोठी. लहान असणं हा दोष नाही, आपल्याकडे दोन ओळींत आयुष्य मांडणारे कवी होऊन गेलेत. पण त्या दोन ओळी वेगळ्या लिहिता आल्या असत्या, कवीनं तशा लिहिल्या नाहीत. चिपवरचे बाइट्स मात्र इकडचे तिकडे झाले तर प्रिंटर चालतच नाही. जे दुसऱ्या शब्दांत म्हणताच येत नाही, त्याला रचना म्हणायचं की किल्ली? अपील कोर्टाचा कल किल्लीकडे होता आणि मला तो बरोबर वाटतो.

शाईच्या कार्ट्रिजवरची चिप काय करते, याबद्दल बराच गैरसमज आहे. तिला शाई दिसते असं लोकांना वाटतं. बहुतेक चिपांना दिसत नाही. किती थेंब उडवले ते प्रिंटर मोजतो आणि उरलेला आकडा चिपवर लिहितो. म्हणजे 'शाई संपली' हे शाईचं निवेदन नसून वहीतली नोंद आहे. कॅननच्या काही जुन्या कार्ट्रिजच्या तळाशी पारदर्शक लोलक होता. शाई असली की प्रकाश तिच्यात शिरून जातो, नसली की परतून येतो. तिथे निदान शाईला विचारलं जात होतं.

नोंदवहीच्या बाजूनं बोलायचं तर तिचं कारण पोकळ नाही. एप्सनच्या प्रिंटरमध्ये छापणारं डोकं कार्ट्रिजवर नसतं, कायमचं यंत्रात असतं. शाई पूर्ण संपून त्यात हवा गेली तर ते निकामी होऊ शकतं, म्हणून थोडी शाई राखीव ठेवतात. ठीक. मग 'राखीव शाई उरली आहे, पुढे छापणं धोक्याचं' असं पडद्यावर लिहा. 'कार्ट्रिज रिकामं' का लिहिता? अमेरिकेत एप्सनविरुद्ध याच कारणावरून ग्राहकांनी सामूहिक दावे लावले आणि २००६ मध्ये तडजोड झाली. आमच्या धंद्यात एरर मेसेजकडे कुणी वाङ्मय म्हणून बघत नाही. बघायला हवं. आज सगळ्यात जास्त वाचलं जाणारं गद्य तेच असेल.

१३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी बाहेरच्या चिपची कार्ट्रिजं एकाच दिवशी नाकारली. आदल्या दिवशी ती चालत होती. तारीख फर्मवेअरमध्ये आधीच लिहून ठेवलेली होती. आरडाओरड झाल्यावर कंपनीनं नीट कळवलं नाही याबद्दल माफी मागितली आणि हवं त्याला बंधन काढणारं फर्मवेअर दिलं. तारखेवर उडणारा कोड लिहिणं सोपं असतं, एक 'इफ' पुरतो. कुणाच्या घरात कधीपासून विकून झालेल्या वस्तूत तो 'इफ' झोपून राहिलाय, याची तिरीप मात्र कोडमधून दिसत नाही.

भायखळ्यात माझ्या ओळखीचे एक चाचा कार्ट्रिज भरून देतात. पाच फुटांचं दुकान, भिंतीवर सिरिंजा रंगांप्रमाणे टांगलेल्या. कार्ट्रिज हातात घेऊन ते वजनावरूनच सांगतात की भरण्यासारखी आहे की नाही. मी त्यांना जपानचा खटला सांगितला. त्यांनी स्पंजच्या सीमेचा भाग दोनदा सांगायला लावला आणि म्हणाले, "वो तो मैं रोज़ बोलता है सबको. सूखने मत दो. सूखा तो गया." लेबल उचकटायचं, सुई हळूहळू आत घालायची, भसकन दाबायचं नाही, नाहीतर स्पंजमध्ये हवेचा कप्पा तयार होतो. भरून झाल्यावर टिश्यू पेपरवर टेकवायचं आणि तिन्ही रंगांचे पट्टे शेजारी उमटतात का बघायचं. एक रंग दुसऱ्यात सांडलेला दिसला तर ते पैसे घेत नाहीत. पेटंटमध्ये पानं खर्चून लिहिलेलं ज्ञान त्यांच्या मनगटात आहे, आणि ते कुठेही नोंदवलेलं नाही.

रिफिलचं सगळंच गोड असतं असं नाही. बाहेरची स्वस्त शाई पाण्याचा थेंब पडला तरी फुटते. पावसाळ्यात रिपोर्टाची प्लास्टिकची पिशवी थोडी उघडी राहिली की त्यावरचे आकडे ओघळतात, आणि रुग्णाच्या नातेवाइकाला ते परवडणारं नसतं. चाचांच्या दुकानात येणारे लोकही काही तत्त्वासाठी येत नाहीत. मेडिकलच्या मुलांना जर्नलं काढायची असतात, कुणाला प्रतिज्ञापत्राच्या तीन प्रती हव्या असतात, शाळेच्या प्रवेशासाठी, रेशनकार्डासाठी, कर्जासाठी. सरकारी कारभार ऑनलाइन झाला म्हणतात, पण पीडीएफ डाउनलोड झाली की तिची प्रिंट काढून आणायला सांगतातच. पानामागे लागणारा रुपया-दोन रुपये हा या शहरात कागदपत्रं असण्यावरचा करच आहे, आणि तो किती असावा हे काही अंशी त्या चिपवर ठरतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारं, मोबाइल, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं धरली. चाचांना त्याचा पत्ता नाही.

शाई विकायच्या दुसऱ्या पद्धतीही होत्या. इथून जवळच, गिरगावात, दांडेकर बंधूंनी १९३१ साली जो धंदा सुरू केला त्याचं पुढे कॅमलिन झालं. त्यांचा पहिला माल होता 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या. पाणी गिऱ्हाइकानं घरचं घालायचं. इंकजेटच्या शाईत मोठा भाग पाण्याचाच असतो, त्यामुळे आज आपण पाण्याला सील लावून, चिप बसवून, समुद्रापार पाठवतो. गोळीत सीलचा प्रश्न नव्हता आणि शाई दाट की पातळ हे लिहिणाऱ्याच्या हातात होतं.

अलीकडे बाटली परत आलीये. इंडोनेशियात आणि आपल्याकडे लोक प्रिंटरला बाहेरून टाक्या आणि नळ्या जोडून घेत होतेच. एप्सननं २०१० साली इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर विकायला काढला आणि तो लवकरच भारतातही आला. ७० मिलिलिटरची बाटली उघडायची आणि टाकीत ओतायची. बाकीच्या कंपन्याही मागून आल्या. जे काम चाचांसारखी माणसं भोकं पाडून करत होती, ते आता कारखान्यातून झाकणासकट येतं. यंत्र महाग, शाई स्वस्त, म्हणजे हिशेब उलटा झाला, आणि माझ्या मते तो जास्त प्रामाणिक आहे. नव्या काही बाटल्यांची तोंडं अशी घडवलेली असतात की ती आपल्याच रंगाच्या टाकीत बसतात आणि टाकी भरली की शाई आपोआप थांबते. तिथेही शाई खाली, हवा वर. पुन्हा जारचा बुडबुडा.

मोजणी मात्र गेलेली नाही, तिनं जागा बदलली. नोझल साफ करताना उडवलेली शाई प्रिंटरच्या तळाशी एका जाड पॅडमध्ये जिरते. पॅड भरलं की ती टेबलावर गळेल, म्हणून प्रिंटर तिथेही थेंब मोजतो आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की छापणं बंद करतो. पॅड खरंच भरलंय का, हे तो पाहत नाही. चाचांच्या पुतण्यानं यासाठी लॅपटॉपवर रीसेटर घेऊन ठेवलाय. तो आकडा शून्य करतो. पण त्याआधी चाचा त्याला पॅड काढायला लावतात. ते नळाखाली पिळून धुतात, काळं-निळं-जांभळं पाणी मोरीतून जातं, आणि मग जिन्याच्या ग्रिलला चिमटा लावून वाळत घालतात. उन्हाळ्यात एक दिवस लागतो, पावसाळ्यात तीन. तोवर गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी ते शून्य करू देत नाहीत.